पाचारणाच्या गीताची पायपेटी

मित्रांनो, पायाने वाजवायची पेटी तुम्ही कधी पाहिली आहे का? बहुतेक नसेलच. मग या सभागृहात या आणि डाव्या कोपऱ्यात पाहा. भिंतीला टेकून जे काळपट लाकडी धूड उभे आहे, ती मी. मी एक जुनी पायपेटी आहे. आज माझे झाकण बंद आहे, पण कान उघडे आहेत, आणि सकाळी जे कानावर आले ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. त्याने सांगाडा केला, त्याच्या भावाने भात्याला चामडे लावले आणि एका चिडक्या कारागिराने माझे पितळी सूर घासून घासून जुळवले. एकेका सुराला तो कान लावायचा आणि नाक मुरडायचा. शेवटी एकदा "हां, आता बोलते आहे," असे म्हणाला. तेवढीच काय ती शाबासकी. मग मला पोत्यात गुंडाळून ट्रकवर चढवले आणि मी इथे आले.

इथे मला आत्या मिळाल्या. त्या शाळेत गाणे शिकवत आणि सभागृहात मला वाजवत. उंदरांनी माझा भाता कुरतडला तेव्हा त्यांनीच सायकलच्या ट्यूबचे ठिगळ लावले आणि "आता तू घोगरी झालीस, बाई," म्हणून मला चिडवले. मी लग्नात वाजले, बाप्तिस्म्यात वाजले, शोकसभांतही वाजले. पण माझे खरे कौतुक व्हायचे ते मिशन संमेलनात. गावोगावच्या कॉलेजांतली मुले इथे जमत, पुढच्या ओळीतल्या जागेसाठी भांडत, चहाला रांग लावत आणि छप्पर उडेल अशी गात. दूरदूर सेवा करणारी माणसे पाहुणे म्हणून येत आणि त्यांना तिथल्या गोष्टी सांगत. ते दिवस मला फार आवडत.

नाही आवडायची ती शेवटची सभा. तिची एक रीत होती. पाहुणे सगळ्यांना डोळे मिटायला सांगत. मग ते हळू आवाजात विचारत, "कोणाला देवाचे पाचारण होत आहे? त्याने उभे राहावे." आणि मी पाचारणाचे गीत वाजवायचे. एक कडवे संपले की पुन्हा तेच. संमेलनाचे सेक्रेटरी भिंतीशी उभे राहून आत्यांना बोट गोल फिरवून दाखवत. म्हणजे, थांबू नका. कोणीतरी उभे राहीपर्यंत माझा सूर तुटायचा नाही. दगडालाही पाझर फुटेल असे मी गात असे, असे लोक म्हणायचे. खोटे कशाला सांगू, मलाही तेव्हा अभिमान वाटायचा.

तो अभिमान पुढे भीतीत बदलला. पाणथळ मुलखातल्या एका दवाखान्यासाठी पाहुणे वायरमन मागत. तिथे जनरेटर चालला तरच रात्री दिवे लागायचे आणि ऑपरेशने व्हायची. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दवाखान्यासाठी वायरमन मागत. त्यापुढेही तेच. मधल्या काळात याच सभागृहात एखादी शोकसभा होई आणि मी हेच गीत वाजवी. संमेलनाला दरवर्षी नवी मुले, शोकसभेला फक्त घरची माणसे. दोन्हीकडे हजर असायचो मी आणि आत्या. मला बोलता येत नव्हते. आत्यांना येत होते, पण त्याही बोलल्या नाहीत.

गेल्या संमेलनापर्यंत आत्यांचे गुडघे कामातून गेले होते, म्हणून त्यांची भाची वाजवायला बसली. ती नर्सिंग शिकते. तिचा धाकटा भाऊही आला होता. ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंबूच म्हणतात. तो वायरमन आहे. आल्या आल्या त्याने सभागृहाचा बंद पंखा दुरुस्त केला आणि "याचे पैसे देवाच्या खात्यावर लिहा," म्हणून सेक्रेटरींना हसवले. पण हसता हसता त्याला खोकला आला, आणि भाचीचे पाय माझ्या भात्यावर थबकले. त्याला दोनदा न्यूमोनिया होऊन गेला होता. ओलाव्यापासून त्याला जपा, असे डॉक्टरांनी बजावले होते.

पहिल्या दिवशी भाची फार आनंदात होती. आपले घर, कॉलेज, वॉर्ड यांपलीकडे एवढे मोठे जग आहे, आणि आपल्या हाताला तिथे काम आहे, याने ती हरखून गेली होती. दवाखान्याची चित्रे पाहून ती रडलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी पाणथळ मुलखातून आलेले पाहुणे डॉक्टर बोलले. थकलेला, खरा माणूस. त्यांनी वायरमनची गरज सांगितली आणि तिसऱ्या ओळीत लंबू ताठ झाला. जेवणाच्या सुट्टीत भाची आत्यांना घेऊन माझ्यापाशी आली. आदल्या वर्षी तिची मैत्रीण संमेलनाला आली होती, तेव्हाही याच दवाखान्याला वायरमन हवा होता, असे तिने सांगितले.

"आत्या, दरवर्षी तिथेच माणूस का लागतो गं?"

आत्यांनी माझ्या पट्ट्या पुसायला घेतल्या. मग म्हणाल्या, "आपण वाजवणारे, बाळा. बोलावणारा वेगळा."

शेवटची सभा सुरू झाली. सगळ्यांचे डोळे मिटले. डॉक्टरांनी हळूच विचारले, मी गाऊ लागले, सेक्रेटरींचे बोट फिरू लागले. दोन मुली उभ्या राहिल्या, एक मुलगा उभा राहिला. भाची मात्र डोळे उघडे ठेवून लंबूकडे बघत होती. त्याने पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. कडव्यामागून कडवे गेले. आणि मग भाचीने पाय उचलले.

माझा श्वास संपला. इतक्या वर्षांत त्या सभेत शांतता अशी कधी झालीच नव्हती. लोकांनी डोळे उघडले. सेक्रेटरींचे बोट हवेत तसेच राहिले.

भाची उभी राहिली. तिने विचारले, "डॉक्टर, आधीचा वायरमन कुठे आहे?"

डॉक्टरांनी मान खाली घातली नाही. "दवाखान्यामागे टेकडी आहे, तिथे," ते म्हणाले. "मीच पुरला. त्याच्या आधीच्यालाही. तिथली हवा छातीला खाते. मला आजवर कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही."

उभ्या असलेल्यांपैकी एक मुलगी खाली बसली. तिला कोणी काही म्हटले नाही. भाचीच्या जिवात जीव आला. आता तो उठणार नाही, असे तिला वाटले. मलाही वाटले.

तेव्हा लंबू उठला. सगळ्यांच्या वर त्याचे डोके दिसत होते.

नंतर सभागृह रिकामे झाल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला. "ताई, पेटी वाजत होती तोवर मला कळतच नव्हतं, उठावंसं वाटतंय की रडावंसं. तू थांबलीस म्हणून विचार करता आला. तिथे दिवे लागायलाच हवेत गं." तिने त्याला खूप विनवले, रागावली, आईची शपथ घातली. तरी तो तिकडे गेलाच.

तेव्हापासून रोज दुपारी कॉलेज सुटले की भाची येते आणि मला वाजवते. फक्त ते एक गीत सोडून. लंबूची खुशाली आली की आधी मला सांगते.

आज सकाळी सेक्रेटरी आले. त्यांनी माझे झाकण उगाचच पुसले. आत्या खुर्चीत बसल्या होत्या. "डॉक्टरांचा निरोप आलाय," ते म्हणाले. "संमेलन यंदा लवकर घ्या म्हणतात. एक वायरमन हवाय."

"आणखी एक?" आत्यांनी विचारले.

सेक्रेटरींनी मान हलवून नाही म्हटले.

मित्रांनो, कोणी तुम्हाला चांगल्या कामाला बोलावले तर जरूर जा. पण जाण्याआधी सूर थांबवा आणि भाचीने विचारले ते विचारा. बोलावणाऱ्यांनो, तुम्ही न विचारताच सांगा. आणि माझे एक मागणे आहे. कॉलेज सुटायची वेळ झाली आहे. भाचीला अजून काही माहीत नाही. ती येऊन माझे झाकण उघडेल तेव्हा तुमच्यापैकी कोणीतरी इथे या. तिला माझ्याजवळ एकटीला बसू देऊ नका.