चारातलं एक

युवराजनं पीएच.डी.साठी चिलटांच्या बारा बाटल्या मांडल्या, त्याच उन्हाळ्यात त्याचं मामाच्या सायलीशी लग्न झालं. तो माजलगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. मामा सुंदरराव वडवणीचे, बागायतदार, गावात शब्दाला मान असलेले. सायली पाळण्यात होती तेव्हापासून युवराजची आई तुळजाबाई म्हणायची, "माह्या भावाची लेक माह्याच घरात येनार." जबरदस्ती कुणाचीच नव्हती. दोघांनाही तेच हवं होतं. लहानपणी सायली त्याला अरेतुरे करायची. हळद लागल्यावर ‘तुमी’ म्हणायला लागली आणि पहिला महिनाभर दर ‘तुमी’ला स्वतःच हसायची.

चिलटं त्यानं डोंगरातल्या सडक्या सीताफळांवरून धरून आणली होती. मोठ्या थव्यातून चारदोन जीव तुटून बाजूला पडले, त्यांचं बाकीच्यांशी येणंजाणं बंद झालं, की पिढ्यान्‌पिढ्यांनी त्यांची वेगळीच जात होऊ शकते, असं शास्त्र सांगतं. युवराजला ते होताना बघायचं होतं. म्हणून प्रत्येक बाटलीत दर पिढीला एकच जोडी ठेवायची, सख्खे बहीणभाऊ. बारा दिवसांत नवी पिढी.

त्याच्याबरोबर सायलीही रविवारी प्रयोगशाळेत यायची. रवा, गूळ आणि यीस्ट घालून चिलटांचा खाऊ शिजवायची, बाटल्यांना कापसाचे बोळे लावायची. नर कुठला, मादी कुठली, हे तिला दोन आठवड्यांत यायला लागलं. वीस पिढ्या झाल्या आणि बाटल्या मरायला लागल्या. कुणाचे पंख वाकडे, कुणाची अंडी फुटेनात.

"नवी जात कुठाय? ही तर मरायलेत," सायली म्हणाली.

"बहुतेक असंच होतं. प्रत्येकात एखाददुसरी खोट लपलेली असते. एकाच बाजूनं आली तर काही होत नाही. आईकडून आणि बापाकडून तीच आली, की ती उघडी पडते. दोघांत तीच खोट असली तर चारातल्या एका पिल्लाला फटका."

सायली बोळा हातात धरून थांबली. "मंग आपलं काय?"

"आपण काय सख्खे भाऊबहीण हाव का? माणसात धोका लई बारीक असतो."

हे खोटं नव्हतं. त्यानं आकडे वाचले होते. मामेबहिणीशी लग्न केलेल्या बहुतेकांची लेकरं धडधाकट असतात.

दुसऱ्या वर्षी ईश्वरी झाली. चौथ्या महिन्यातही ती मान धरेना. पाय अंथरुणावर ठेवले तसे पडून राहायचे. डोळे मात्र भारी चपळ होते, पंखा फिरला की त्याच्याबरोबर फिरायचे. सातव्या महिन्यात छातीत कफ झाला आणि बीडच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती गेली. कागदावर न्यूमोनिया लिहिलं. तुळजाबाई म्हणाली, नजर लागली.

ती दवाखान्यात होती तेव्हाच युवराजनं फोनवर एका आजाराचं नाव शोधलं होतं. पाठीच्या कण्यातल्या पेशी मरत जातात, स्नायू लुळे पडतात, बुद्धी शाबूत राहते. त्यानं ते दोनदा वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

सायलीला पुन्हा दिवस गेले. बाराव्या आठवड्याच्या आसपास पोटातल्या बाळाची तपासणी होते, हेही त्यानं वाचलं होतं. एका संध्याकाळी तो बोलायचं ठरवून घरी आला. सायली पायरीवर बसून चिंचा फोडत होती, आणि ईश्वरी गेल्यापासून पहिल्यांदाच गुणगुणत होती. तो शेजारी बसला. आता सांगायचं तर आपल्या लग्नातच खोट होती असं सांगायचं. आईला, मामाला, हिला. आणि आपला तरी नुसता शकच आहे. शक खरा निघाला, तरी चारातली तीन लेकरं चांगलीच असतात.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काय न्हाई," तो म्हणाला.

मुलगा झाला. शौर्य. तिसऱ्या महिन्यात तेल लावताना सायलीनं त्याचा पाय वर उचलून सोडला. तो पडला, ओलं फडकं पडावं तसा. तिनं मान वळवून युवराजकडे बघितलं. तो दारात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं, भीती होती, पण तो दचकला नव्हता. ते तिनं बघितलं.

छत्रपती संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तिघांचं रक्त तपासलं. दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा कागदावर गोल आणि चौकोन काढून समजावलं. दोघांचे आजी-आजोबा एकच. त्यांच्यापैकी एकाकडून ही खोट सुंदररावांकडे आणि तुळजाबाईकडे आली, त्यांच्याकडून या दोघांत. इलाजाचं एक औषध होतं, पण त्याची किंमत सगळं शेत विकूनही पुरली नसती. "आधी कळलं असतं तर गरोदरपणातच तपासता आलं असतं," डॉक्टर म्हणाले.

परतताना गेवराई मागं पडली. शौर्य सायलीच्या मांडीवर झोपला होता.

"तुला कधी कळलं?" तिनं विचारलं. लग्नानंतर पहिल्यांदा ती ‘तू’ म्हणाली.

"कळलं न्हवतं. शक होता."

"कवापासून?"

"ईश्वरीच्या वेळी."

"ती गेल्यावर, का आधी?"

"आधी. ती आजारी होती तेव्हाच."

"अन् हा पोटात व्हता तवा?"

"तेव्हा पण."

"मी चिंचा फोडायलते," ती म्हणाली. "तू माह्याजवळ येऊन बसलास. मी इचारलं तुला. मला वाटलं तुला ईश्वरीची आठवण आली आसंल. मी उगी राहिले."

"सायली, मला वाटलं चारातली तीन..."

"तुह्या वाटण्यात मला कावून न्हाई घेतलंस? पोट माझं व्हतं."

शौर्य सहा महिने अकरा दिवस जगला. शेवटचे आठ दिवस सायलीनं त्याला खाली ठेवलं नाही. तेरा दिवस झाले आणि ती वडवणीला गेली. माहेरी तिनं काहीच सांगितलं नाही. सुंदररावांना वाटलं, पोर दुःखात आहे, चार महिने राहील आणि जाईल.

युवराज तीनदा गेला. तिसऱ्यांदा ती ओसरीवर आली.

"आत्या अन् दादा आदिनाथचं स्वप्नीशी ठरवायलेत," ती म्हणाली. दादा म्हणजे सुंदरराव, आदिनाथ युवराजचा धाकटा भाऊ, स्वप्नाली तिची धाकटी बहीण. "मी सांगू शकते. पर तू सांग. ह्या येळी तोंड उघड."

त्याच दुपारी त्यानं आईला माजलगावहून बोलावून घेतलं. बैठकीत मामा आणि आईसमोर त्यानं कागदावर गोल आणि चौकोन काढले. ईश्वरी आणि शौर्य ही नावं घेताना दोनदा थांबला.

"माह्या माय-बापाच्या रक्तात खोट काढतो?" तुळजाबाई ओरडली. "चिलटं पाळून पाळून डोकं फिरलंय तुझं!"

"खोट माझ्यात पण हाय, आई. तुझ्यात पण हाय. त्यात कुणाचा गुन्हा न्हाई." मग तो मामाकडे वळला. "गुन्हा माझा वेगळा हाय, मामा. मला शक होता आणि मी तुमच्या लेकीला सांगितलं नाही."

सुंदररावांनी कागद स्वतःकडे ओढला. आत दाराशी सायली उभी होती. "दोघायचं रक्त तपासा," ते म्हणाले. "त्याबिगर सुपारी न्हाई."

स्वप्नालीत ती खोट निघाली. आदिनाथमध्ये नव्हती. एकातच असेल तर लेकरांना हा आजार होत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. फाल्गुनात लग्न झालं. वडवणीत मांडव पडला, आदिनाथ घोड्यावर लाजत बसला, तुळजाबाई कुणाशी न बोलता पंगतीत वाढत राहिली. सायलीनं बहिणीला हळद लावली, तिची वेणी घातली, पाठवणीला डोळे पुसले.

वऱ्हाड निघाल्यावर मांडवात खुर्च्या उचलणारे तेवढे राहिले. युवराज तिच्याजवळ गेला.

"सायली, आता घरी चल. परत लेकरू नको म्हणालीस तर नको. पाहिजे असंल तर तपासून होऊ देऊ. तू म्हणशील तसं."

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. रागानं नाही. त्याला वाटलं, ती रागानं बघती तर बरं झालं असतं.

"लई चांगलं सांगितलंस त्या दिवशी," ती म्हणाली. "मी दाराआडून ऐकायलते. एक एक गोष्ट उघडी करून सांगितलीस. स्वप्नीचं बरं झालं. तिची लेकरं धावतील."

"मग?"

"तवा मला वाटलं, ह्याला इतकं नीट सांगता येतं." तिनं पदर कमरेला खोचला. "शौर्यच्या आधी सांगितलं आसतंस तर मी तुला सोडून गेले न्हसते रे. आपण दोघं मिळून रडलो आसतो. मी एकटीच चिंचा फोडीत बसले."

मांडवाबाहेर तुळजाबाई गाडीत बसून त्याची वाट बघत होती.

"जा," सायली म्हणाली. "आत्या खोळंबली."

तो गाडीपर्यंत गेला, दार उघडलं आणि मागं वळला. सायली खाली सांडलेल्या अक्षता झाडत होती. तिनं वर बघितलं नाही.