घरात फक्त इंग्लिश

गार्गीच्या नर्सरीचा निकाल परवा लागला. चार वर्षांच्या पोरीचा कसला आलाय निकाल, असं कोणीही म्हणेल. मीही म्हटलं असतं, पण मी त्यासाठी मरोळच्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून, नवी कुर्ती घालून शाळेत गेले होते. सपना मिसनी कार्ड हातात दिलं. चित्रकला, रंग, अंक, सगळीकडे गुड. ‘इंग्लिश संभाषण’ यापुढे मात्र एक्सलंट, आणि शेजारी हसरा चेहरा चिकटवलेला. “यू मस्ट बी सो प्राउड,” मिस म्हणाल्या. मी “येस, येस” म्हटलं आणि कार्ड दुमडून पर्समध्ये कोंबलं. त्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

गेल्या जूनमध्ये याच पोरीला घेऊन आम्ही पहिल्यांदा शाळेच्या दारात उभे होतो. आम्ही म्हणजे मी, निलेश आणि माझ्या सासूबाई, सुगंधा. मी त्यांना आईच म्हणते. आम्ही कन्नमवार नगरात राहतो, विक्रोळीत. सासरे गेल्यापासून आई आमच्याकडेच आहेत. मी आणि निलेश साडेआठला घराबाहेर पडतो ते संध्याकाळी साडेसातला येतो, म्हणजे गार्गीला वाढवलं ते आईंनीच. आणि आई आयुष्यभर मालवणीत बोलल्या. मुंबईत चाळीस वर्षं काढली, पण बाजारातल्या भय्याशीसुद्धा त्या मालवणीतच घासाघीस करतात आणि तोही बिचारा निमूट दोन मिरच्या जास्त टाकतो. त्यामुळे गार्गी बोलायला लागली तीच मालवणीत. “माका नुको,” “खय गेलंस,” “आजये, हय ये.” सगळी बिल्डिंग तिला मुद्दाम बोलायला लावायची आणि हसायची. मीही हसायचे.

शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील. एका दुपारी आईंचा ऑफिसात फोन आला. पोर घरी आल्या आल्या बाथरूमच्या बादलीतलं पाणी ओंजळीने प्यायला लागली होती. तिची बाटली बसमध्येच राहिली होती. वर्गात तिने मिसना चार वेळा सांगितलं होतं, “माका तान लागली.” नर्सरीच्या तेव्हाच्या मिस नवीन होत्या, त्यांना साधं मराठीही धड येत नव्हतं, त्यांना वाटलं पोर गाणं म्हणतेय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पाचव्यांदा गार्गीने सांगितलंच नाही. साडेतीन तास ती तहानलेली बसून राहिली, रडलीसुद्धा नाही.

मला रात्रभर झोप आली नाही. माझं डोकं फिरलं होतं, आणि माझं डोकं फिरलं की समोर कोण आहे ते मला दिसत नाही. मी भांडुपच्या मराठी शाळेत शिकले. हुशार होते, दहावीला पंच्याऐंशी टक्के. पण ऑफिसात कस्टमरशी बोलायच्या जागेसाठी इंटरव्ह्यू झाला तेव्हा, सगळं येत असूनही, तोंडातून एक वाक्य फुटलं नाही. समोरचे तिघं वाट बघत होते आणि मी टेबलाकडे बघत होते. ती जागा दुसरीला मिळाली. मी अजून डिस्पॅचमध्येच खोक्यांवर लेबलं लावून घेते. माझी पोर वर्गात तशी बसली होती, या विचाराने मला जाळलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, तर हेडमिस्ट्रेसनी शांतपणे एवढंच सांगितलं, “घरी थोडं इंग्लिश बोला.” त्या ‘थोडं’ म्हणाल्या होत्या. मी घरी येऊन फर्मान काढलं: गार्गीसमोर घरात फक्त इंग्लिश. मालवणीचा एक शब्द नको.

“अगं, वेड लागलंय का तुला?” निलेश म्हणाला. “आई काय बोलणार मग?”

“एवढं तरी करता येत नाही का पोरीसाठी? उद्या तिला कुठे दुखलं-खुपलं आणि सांगता आलं नाही तर?” मी ओरडले. “तुमच्या भाषेपायी पोर तहानेने मरायची!”

‘तुमच्या भाषेपायी’. हे मी आईंकडे बघून म्हटलं. त्या ओट्याशी सोलकढी गाळत होत्या. त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि हात पुसले.

“तुझा खरा आसा गो,” त्या म्हणाल्या. “माका इंग्लिश येणा नाय. मी तेच्यासमोर तोंड उघडूचंय नाय. चेडवाचा नुकसान नको.”

मला वाटलं, टोमणा आहे.

मग आमच्या घरात एक भलताच संसार सुरू झाला. मी आणि निलेश गार्गीशी मोडकंतोडकं इंग्लिश बोलायचो. “गार्गी, ईट भाजी.” “गार्गी, डोन्ट मस्ती.” आमचं आम्हाला हसू यायचं. पोर मात्र भराभर शिकत होती. दिवाळीपर्यंत ती माझ्याच चुका काढायला लागली. मी ऑफिसात मैत्रिणींना तिचे व्हिडिओ दाखवायचे आणि मनातल्या मनात त्या इंटरव्ह्यूवाल्या तिघांनाही दाखवायचे.

आई बोलत नव्हत्या. गार्गीशी त्यांचं हातवारे आणि खुणांवरच चालायचं. ती जागी असेल तर निलेशने काही विचारलं तरी मान हलवायच्या. ती झोपली की मग हळू आवाजात काय हवं-नको ते बोलायच्या. मला त्याचा राग यायचा. रुसल्यात, मला धडा शिकवतायत, असं मी निलेशला म्हणायचे. तो म्हणायचा, “तूच सांगितलंस ना?” मी म्हणायचे, “अरे, एवढं अक्षरशः कोण घेतं?” आणि खरं सांगायचं तर मला मनातून खात्री होती की, आम्ही नसताना आजी-नात बोलत असणार. साडेबारापासून साडेसातपर्यंत दोघीच घरात. कोण बघायला येतंय? मीच आईंच्या जागी असते तर पहिल्या दिवशी नियम मोडला असता.

जानेवारीच्या शेवटी शाळेत आजी-आजोबांचा दिवस होता. प्रत्येकाने स्टेजवर येऊन नातवंडाबद्दल एक-दोन वाक्यं बोलायची, कोणत्याही भाषेत. तोवर वर्गावर जुन्या, समजूतदार सपना मिस आल्या होत्या. आईंनी आठ दिवस आधीपासून तयारी केली. कोणत्याही भाषेत चालेल असं चिठ्ठीत लिहिलेलं असूनही त्यांनी निलेशकडून एक इंग्लिश वाक्य शिकून घेतलं होतं. गार्गी झोपल्यावर त्या गॅलरीत उभ्या राहून ते घोकायच्या. “माय गार्गी इज माय लाइफ.” ‘लाइफ’चं कधी ‘लायप’ व्हायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. मी आतून ऐकायचे. मला बरं वाटत होतं. राग गेला वाटतं, असं मला वाटलं.

त्या दिवशी आई मोतिया साडी नेसल्या, अबोलीचा वळेसर माळला. हॉलमध्ये मागे सगळे आईबाप मोबाईल वर करून उभे होते, त्यात मीही. कोणाच्या आजोबांनी श्लोक म्हटला, एक गुजराती आजी नुसत्याच रडल्या. मग गार्गीचं नाव आलं. गार्गी आजीचं बोट धरून ऐटीत स्टेजवर गेली. आईंनी पदर सारखा केला, माइककडे एक पाऊल टाकलं.

त्याआधी सपना मिस पुढे आल्या. त्यांनी आईंच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, “गार्गीच्या आजी बोलू शकत नाहीत. तरी त्या आज आल्यात. जोरदार टाळ्या!”

माझा मोबाईल खाली आला. मला वाटलं काहीतरी घोटाळा झालाय, दुसऱ्या कोणाबद्दल बोलतायत. तेवढ्यात मिस पुढे म्हणाल्या, “गार्गी आम्हाला रोज सांगते, माय आजी डझन्ट टॉक, बट शी इज माय बेस्ट फ्रेंड.” सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. गार्गी मान उंच करून आजीकडे बघत होती.

आईंना सगळं समजलं होतं. त्या क्षणभर माइकसमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी हात जोडले, गळ्याला बोट लावलं, नाही अशी मान हलवली आणि हसल्या. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. मला किंचाळून सांगायचं होतं की बोलतात, माझी सासू बोलते, अख्ख्या विक्रोळीत तिच्याइतकं बोलणारं कोणी नव्हतं. माझ्या तोंडातून एक शब्द फुटला नाही.

घरी आल्यावर गार्गीला निलेशकडे दिलं आणि आईंना गॅलरीत नेलं.

“आई, तुम्ही का नाही बोललात? एवढं पाठ केलं होतंत.”

“चेडवान बाईंका सांगल्यान, आजी बोलणा नाय म्हणान,” त्या म्हणाल्या. “मी तोंड उघडलंय, तर ता सगळ्यांदेखत खोटा पडतला ना गो.”

“पण दुपारी… आम्ही नसताना तरी बोलत होतात ना तुम्ही तिच्याशी?”

त्यांनी माझ्याकडे अशा नवलाने बघितलं की मला उत्तर मिळालं. “नाय,” त्या म्हणाल्या. “तू सांगलंलंस ना.”

सात महिने. रोज सात तास. मी खाली बसले आणि रडले. त्या माझ्या डोक्यावर हात फिरवत राहिल्या, म्हणजे मलाच समजावत राहिल्या. मी माफी मागितली. आजपासून बोला, हवं ते बोला, मालवणीच बोला, असं म्हटलं. त्या “हो गो” म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी गार्गीला हाक मारली तर पोर दचकली. नंतर खिदळून तिने आजीच्या तोंडावर हात ठेवला आणि “नो, आजी, नो!” म्हणाली. तिला तो काहीतरी नवा खेळ वाटला होता. आईंनी दोन-तीन दिवस प्रयत्न केला. मग सोडून दिला.

मार्चमध्ये त्या शिमग्याला गावी गेल्या. आठ दिवसांत येते म्हणाल्या होत्या. निलेशने दोनदा तिकीट काढायचं विचारलं, तर आज पालखी आहे, उद्या आंब्याला राखण हवी, असं काहीतरी सांगायच्या. शेवटी मीच फोन केला. भांडायच्या तयारीने केला होता. आई, घर खायला उठतं, या ना, म्हटलं. पलीकडे बायकांचा गलका चालला होता, कोणीतरी त्यांना हाका मारत होतं, त्या कोणावर तरी मनमोकळ्या ओरडत होत्या. मग त्या फोनवर आल्या आणि म्हणाल्या, “रागावू नको गो बाय. हय माका बोलूक माणसा आसत.”

मी तिकिटाचा विषय सोडून दिला.

परवा निकाल घेऊन घरी आल्यावर मी पुन्हा फोन लावला. एक्सलंट मिळालंय हे कळलं तर त्यांना आनंद होईल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला वाटत होतं, पोरीचा आवाज ऐकून त्या परततील. मी फोन गार्गीच्या कानाला लावला. “टॉक टू आजी,” म्हटलं. मला पलीकडचं ऐकू येत होतं.

“चेडवा, आयकतंस मा? मी आजी गो तुझी. जेवलंस काय?”

गार्गीने फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. मग मला परत दिला.

“मम्मा, धिस इज नॉट आजी,” ती म्हणाली. “आजी डझन्ट टॉक.”

पलीकडे आई थांबल्या. त्यांना तेवढं इंग्लिश समजत होतं, आमच्याच घरात ऐकून ऐकून आलेलं. मी घाईघाईने फोन कापला आणि व्हिडिओ लावला. शेजारच्या पोराने तिकडे मोबाईल धरला असावा, कारण आधी नुसती कौलं दिसली, मग आईंचा चेहरा. त्या काहीतरी बोलणार होत्या, ओठ उघडले होते. गार्गी माझ्या मांडीवरून भुवया आकसून त्यांच्याकडे बघत होती, अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

आईंनी तोंड मिटलं. मग दोन्ही हातांनी गालांवर चापट्या मारून त्यांनी डोळे मोठे केले.

“आजी!” गार्गी ओरडली. तिने माझ्या हातातून फोन हिसकावला, आणि तीही गालांवर चापट्या मारायला लागली. मग बोटं, मग नाक, मग कायकाय खुणा. त्यांचं खूप वेळ काहीतरी चाललं होतं, पोर हसून हसून लोळत होती आणि मला त्यातलं काहीही कळत नव्हतं.

“आई, बोला ना,” मी मागून म्हणत होते. “आई, प्लीज, एक शब्द तरी बोला.”

त्यांनी माझ्याकडे बघून नाही अशी मान हलवली आणि पुन्हा गार्गीकडे वळल्या.