दारासमोरचा फलक

पार्वती उठून उभी राहिली आणि तिने समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. वॉर्ड ऑफिसच्या सभागृहात पंखे गरगरत होते, तरी तिच्या पाठीवरून घाम ओघळत होता. मागच्या रांगेत दत्ताराम बसलाय, हे तिला वळून न बघताही कळत होतं.

"बोला पार्वतीताई," परवाना खात्याच्या अधिकारी उत्तरा मॅडम म्हणाल्या. "नव्या नियमांवर तुमचं म्हणणं ऐकायलाच बोलावलंय."

मढच्या कोळणींनी मागल्या वर्षी धक्क्याजवळ एक फलक लावला होता. 'ही जागा मासळी सुकवायची आहे, विकायची नाही.' तीच जागा बंगलेवाल्यांच्या घशात घालायची जमिनीचा दलाल असलेल्या दत्तारामची खटपट चालली होती. फलक गावाची बदनामी करतो, असं म्हणत पालिकेने तो उचलून नेला. बायका कोर्टात गेल्या. अर्जावर पहिली सही पार्वतीची. कोर्टाने पालिकेला बजावलं, फलक केवढा आणि कुठे लावायचा ते तुम्ही ठरवा. त्यावर काय लिहायचं ते लावणाऱ्याला ठरवू द्या, बोलायचा हक्क सगळ्यांना आहे. म्हणून आता नियम नव्याने लिहिले जात होते.

जिंकल्याचा आनंद फार टिकला नाही. काल संध्याकाळी दत्ताराम घरी आला. चहा प्यायला. पोरीच्या, नेत्राच्या, कॉलेजची चौकशी केली. उठताना तिच्या नवऱ्याला म्हणाला, "हरेश्वरदादा, होडी घेऊन एकटेच जाता ना तुम्ही? सांभाळून हां." जेवताना हरेश्वरचा घास हातातच राहिला होता.

आता सभागृहात पार्वतीने तोंड उघडायच्या आतच मागून दत्तारामची खुर्ची सरकली.

"मॅडम, एक कलम वाढवा. कुणाची बदनामी होत असेल तर वॉर्ड ऑफिसने फलक उतरवावा. बायामाणसांच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"बदनामीसाठी कोर्ट आहे," मॅडम म्हणाल्या. मग पार्वतीकडे वळल्या. "पण तुम्हीही विचार करा. हे कलम नसलं तर उद्या तुमच्याविरुद्ध फलक लागेल आणि आम्हाला तो काढता येणार नाही. चालेल तुम्हाला?"

शेजारी बसलेल्या नेत्राने तिचा पदर धरला. कलमाला हो म्हटलं की सुटलो, असं पार्वतीला वाटलं. दत्ताराम खूश होईल, हरेश्वर बिनघोर समुद्रावर जाईल. येताना बसमध्ये तिने तेच ठरवलं होतं.

"आमचा फलक पण बदनामी म्हणूनच नेला होता," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की मॅडमना पुन्हा विचारावं लागलं.

"ते कलम नको."

ती खाली बसली. बाहेर पडताना दत्तारामने तिला हसून वाट दिली.

नियम त्या कलमाशिवायच लागू झाले आणि त्याच आठवड्यात तिच्या दारासमोर फलक उभा राहिला. मासळीची टोपली घेतलेल्या पार्वतीचा मोठा फोटो. खाली लिहिलं होतं, 'गावाची प्रगती अडवणारी हीच ती बाई. ओळखून ठेवा.' माप नियमात होतं, जागा नियमात होती. पलीकडे मोटरसायकलवर दोघं जण दिवसभर बसून असत. शेजारणींनी खिडक्या लावून घेतल्या. हरेश्वरने होडी पाण्यात घातली नाही.

नेत्राने मॅडमना फोन केला. "मी नाही काढू शकत," त्या म्हणाल्या. "धमकी वाटत असेल तर पोलिसांत जा." पार्वतीला चौकीची पायरी चढायचंही भय वाटत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी खाडीकडून वारा सुटला. फलकाच्या खालच्या कोपऱ्याची दोरी तुटली आणि कापड फडफडायला लागलं.

"फाटू दे," हरेश्वर म्हणाला. "आपोआप जाईल."

"आपोआप गेला असं कोण म्हणेल? हिनेच फाडला म्हणतील. मग बघायलाच नको."

तिने घरातली नायलॉनची दोरी घेतली, स्टूल उचललं आणि बाहेर पडली. मोटरसायकलवरचे दोघं ताठ झाले. एकाने मोबाइल काढून तिच्यावर रोखला. तिने मान खाली घालून दोरी ओवली, खांबाला दोन वेढे दिले, गाठ मारली. फडफड थांबली. काम झालं होतं.

"आये, चल गो आत," नेत्रा उंबऱ्यातून म्हणाली.

पार्वती स्टुलावरून उतरली. क्षणभर ती आपल्याच फोटोसमोर उभी राहिली, खालचा मजकूर ओठ हलवत शेवटपर्यंत वाचला. मग स्टूल ओढत ती दुसऱ्या कोपऱ्याकडे गेली आणि उरलेल्या दोरीने तोही बांधू लागली. ती बाजू अजून सुटली नव्हती.