धनीरामने सांगितलेला आकडा

नागपूरहून छातीचं ऑपरेशन करून आल्याला अकरा दिवस झाले होते, आणि इतक्या दिवसांत धनीराम एकदाही मोकळा खोकला नव्हता. उबळ आली की तो दात आवळायचा, बाजेची कड घट्ट धरायचा आणि खोकला गिळून टाकायचा. छातीचं हाड मधोमध कापून तारेनं बांधलंय, हे डॉक्टरांनी त्याला नीट समजावलं होतं. जरा जास्तच नीट. खोकलो की तार तुटणार आणि हाड उघडणार, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं होतं.

दुपारी उपकेंद्रातली नर्स चंदा त्याला पाहायला त्याच्या गावी, कारध्याला आली.

"काकाजी, दुखणं दहापैकी किती?"

"दोन."

"दोन!" त्याची बायको रेवताबाई चुलीपासूनच ओरडली. "ह्या माणसाचं काही खरं मानू नको, बाई. दोन म्हणते, अन् नाकावर माशी बसली तरी हात उचलत नाही."

चंदानं औषधाची पिशवी उघडली. दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं होतं. तिनं ताप पाहिला, पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, मग अंगणात जाऊन नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावला. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"कफ साचून राहिला छातीत. बारीक ताप पण आहे. डॉक्टर म्हणतात, आजच खोकून मोकळा करा. सकाळी ताप उतरला नाही तं परत भरती."

घशात नळी, हात बांधलेले, आणि ओरडायला गेलं तर आवाजच नाही. ऑपरेशननंतर शुद्धीवर येतानाची ती घटका धनीरामला आठवली. तिथं परत जायचं नव्हतं. पण खोकायचंही नव्हतं.

"गोळ्या काहून नाही घेतल्या, काकाजी?"

धनीराम भिंतीकडे पाहत म्हणाला, "मासोळी हालली का समजावी म्हणून जाळ्याची दोरी बोटात धरून बसतो ना आमी, तसं धरलं आहे दुखणं. गोळीनं ते झोपलं, अन् अंदर हाड सुटलं, तं मले कसं समजन?"

रेवताबाईचा पदर तोंडाशी गेला. "मुन्नाचे बाबा, असं होतं तं सांगाचं नाही का मले?"

चंदा बाजेशेजारी खाली बसली. "हाड सुटलं तं खोकताना आत कटकट वाजते. जखमेतून पाणी येते. ते गोळी घेऊनही समजते. पण दुखते किती, हे मशीन नाही सांगत, मी नाही सांगू शकत. तुमीच सांगाल. तुमी दोन म्हणाल तं मी दोनाचाच इलाज करन."

धनीरामनं डोळे मिटले. आकडा तोंडात आला, तरी निघेना. घरच्यांसमोर कधी असं बोलला नव्हता तो.

"आठ," तो म्हणाला. "श्वास घेतला का नऊ."

गोळी घेतली. अर्धा तास थांबायचं होतं, आणि तो अर्धा तास त्यानं छातीवर तळवा ठेवून, आत काही वाजतं का ते ऐकण्यात काढला. मग चंदानं चादरीची जाड घडी केली आणि त्याच्या दोन्ही हातांत दिली.

"छातीले घट्ट लावा. पोराले कवळता तसं. अन् खोका."

"तार..."

"तुमचाच हात आहे वरून. दाबा."

तो खोकला. डोळ्यांपुढे अंधारी आली, रेवताबाई "अगं माय!" म्हणाली, आणि त्याला वाटलं, संपलं. तो तसाच आवळून बसून राहिला. कटकट नाही. दुखत होतं, पण हाड जागच्या जागी होतं. वाटीत पिवळट, चिकट कफ पडला होता.

"किती?" चंदानं विचारलं.

"पाच." मग त्यानं परत एकदा मनाशी पाहिलं. "नाही, सहा."

सकाळी ताप किती निघेल, कोणालाच माहीत नव्हतं. पुढची उबळ घशाशी येताना त्याला जाणवली, तेव्हा चंदा वळून पिशवी आवरत होती. धनीरामनं चादर स्वतःच छातीशी ओढली.