पिकपची तिसरी जोडी

लंबूने गिटार टेबलावर आडवी ठेवली आणि खुर्चीत टेकायच्या आधीच निकाल देऊन टाकला. "हीही जोडी भिकार. गादीखाली तोंड दाबून कुणी गातंय असं वाटतं."

गिटारी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने चष्मा कपाळावर चढवला. पंधरा दिवसांत पिकपची ही दुसरी जोडी. पिकप म्हणजे तारांखालची चपटी डबी. तारांची थरथर उचलायची आणि अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवायची, एवढंच तिचं काम. लंबूला हमबकरच लागत. त्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी शेजारीशेजारी असतात आणि बाहेरून आलेली घरघर आपापसांत जिरवून टाकतात. "संसारात तीस वर्षांत जमलं नाही ते ह्या डबीत जमतं," असं मिस्त्री येईल त्या गिऱ्हाइकाला सांगे. वेटोळी गुंडाळायच्या यंत्रावर बसलेली त्याची बायको दर वेळी, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी, "पुरे" म्हणे.

लंबू आज हसला नाही. हॉटेलच्या हॉलमध्ये तो सव्वीस वर्षं वाजवत होता. आता नवा मॅनेजर आला होता. शनिवारी दुपारी चार वाजता बँडमधल्या एकेकाला ऐकून कुणाला ठेवायचं ते तो ठरवणार होता.

"गिटार अशीच मुकी राहिली तर मला घरी पाठवतील रे," लंबू म्हणाला. "आणि घरी मी करू काय? वाजवण्याशिवाय मला येतंय काय?"

मिस्त्रीने मीटर लावून पाहिला. दोन्ही पिकप ठणठणीत. पहिली जोडी तर नवी नव्हतीच. मिस्त्रीने धंद्यातली जुनी युक्ती केली होती: गिटारमधले मूळचेच पिकप काढले, पुसले, पुन्हा सोल्डर मारून बसवले आणि "तुझ्यासाठी खास मागवलेत" म्हणून सांगितलं. निम्मी गिऱ्हाइकं एवढ्यावर डोळे मिटून मान डोलावतात. लंबूने डोळे मिटले होते, पण मान आडवी हलवली होती.

"बरं, आता सगळ्यात तिखट जोडी घालतो," मिस्त्री म्हणाला. सिरॅमिकच्या चुंबकाची ही जोडी बहिऱ्या पाहुण्यालाही जागं करील अशी तिची ख्याती होती.

लंबूने पहिला सूर छेडला मात्र, बायकोचे दोन्ही हात कानांवर गेले. यंत्रावरची केसाएवढी तार तटकन तुटली. चार हजार वेढे पाण्यात. कपाटावरचं मांजर उठलं आणि कुणाकडेही न बघता बाहेर निघून गेलं.

"अजून मळकटच," लंबू म्हणाला.

आठवड्यापूर्वी मिस्त्रीला बँडमधल्या ड्रमवाल्याचा फोन आला होता. "त्याला एकदा सांग ना. सव्वीस वर्षं माझ्या झांजेला कान लावून उभा आहे तो."

"मग तूच सांग की."

"मी कसा सांगू? झांज माझी आहे."

बँडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी मोठ्या मनाने हे काम मिस्त्रीवर सोपवलं होतं. मिस्त्रीने ते तितक्याच मोठ्या मनाने पुढे ढकललं होतं.

बायको उठली. एकसारखी शिटी काढणारं तपासणीचं यंत्र तिने न बोलता टेबलावर आणून ठेवलं. मिस्त्रीने खालचा सूर लावला. लंबूने मान हलवली. मग थोडा वर. मग आणखी वर.

"हं, पुढचा लाव," लंबू म्हणाला.

मिस्त्रीने बटण तसंच धरून ठेवलं.

"अरे, सुरू कर की."

"सुरू आहे, लेका."

लंबूने यंत्रावरचा लाल दिवा पाहिला. मग आक्रसलेला वहिनींचा चेहरा पाहिला. "म्हणजे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं," तो म्हणाला. मिस्त्रीने टेबल पुसायला घेतलं. टेबल स्वच्छच होतं.

मग लंबूने गिटार परत मांडीवर ओढली. "पिकप तर निवडायचेच आहेत. वहिनी, समोर येऊन बसा. बोलू नका. बोलायला लागलात की मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगाल. चेहऱ्याने खोटं बोलणं तुम्हाला जमत नाही."

"ते मात्र खरंय," मिस्त्री म्हणाला. "मला रोज सकाळी कळतं."

"पुरे," ती म्हणाली आणि समोर बसली.

मिस्त्रीने एकेक जोडी झाळून बसवली, काढली, पुन्हा बसवली. एका जोडीला ती परीक्षेच्या निकालाला बसावं तशी बसून राहिली. सौम्य चुंबकाच्या जोडीला, आवाजाची धार कमीजास्त करणारं टोनचं बटण सातावर असताना, तिचे खांदे खाली आले आणि घट्ट चपलेतून पाय निघावा तसा चेहरा सैल झाला.

"हेच," लंबू म्हणाला. त्याला फरक ऐकू आला नव्हता. त्याने तो पाहिला होता.

"शनिवारी याल ना, वहिनी? अगदी पुढे बसा. कर्कश झालं की तुमचं तोंड वाकडं होईल, मी बटण खाली घेईन."

"येईन, भावजी."

शनिवारी हॉलमध्ये खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या होत्या. बायको पुढे एकटीच बसली, मागे मिस्त्री आणि मॅनेजर. पहिली दोन गाणी छान गेली. लंबूची नजर तिच्यावरून हलेना.

मॅनेजर मिस्त्रीकडे झुकला. "ती बाई त्यांची कोण?"

"माझी बायको."

मॅनेजरने अतिशय सहानुभूतीने मान हलवली.

तिसरी धून संथ होती. लंबू असं वाजवत होता, की सव्वीस वर्षांत तसं वाजवलं नसेल. बायकोला भरून आलं. तिची हनुवटी थरथरली, ओठ आत ओढले गेले, सगळा चेहरा चुरगळला.

लंबूने पाहिलं आणि टोनचं बटण खाली घेतलं.

आवाज बोथट झाला. तिने घाईघाईने नकारार्थी मान हलवली, त्यासरशी डोळे वाहायला लागले. लंबूने बटण आणखी खाली घेतलं. मिस्त्री मागून हात वर, वर, असा करत होता. पण लंबू त्याच्याकडे बघतच नव्हता. ही गिटार आहे की पलीकडच्या खोलीत कुणी कपाट सरकवतंय, सांगणं कठीण झालं. मॅनेजरने कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

तिने हसायचा प्रयत्न केला. ते तर बघवत नव्हतं.

लंबूने बटण शून्यावर नेलं आणि भुवया उंचावून तिला विचारलं, आता ठीक?