अस्तराखालची गावं

काळं कापड घरातच होतं, असं जुईलीनं सासूबाईंना सांगितलं आणि ते काही खोटं नव्हतं. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, बाळंतपणातल्या दुपट्यांच्या खाली, सहा वर्षं घडी मोडू न दिलेला टी-शर्ट होता. पुढं एका पुलाचं पांढरं चित्र, त्याखाली 'लोखंडी पूल' हे बँडचं नाव, आणि पाठीवर गावांची यादी: पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर. अकोला नव्हतं, अमरावती नव्हतं. वऱ्हाडात रॉक ऐकायला कोण येणार, असं यादी करणाऱ्याला वाटलं असेल. त्याचं फारसं चुकलंही नव्हतं.

सोहमला दहावा महिना लागला होता. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत त्याचं बोरन्हाण व्हायचं होतं. बोरन्हाणाला बाळ काळ्या झबल्यात पाटावर बसतं, अंगावर हलव्याचे दागिने चढतात आणि डोक्यावरून बोरं-मुरमुरे ओततात. जुईलीनं टी-शर्ट उलटा केला, अक्षरं आत घेतली आणि कात्री चालवली. छापील रंगाची खरखर बाळाच्या पोटाला टोचेल म्हणून आतून बाबांच्या जुन्या धोतराचं अस्तर लावलं. पूल आणि गावं दोन्ही अस्तराखाली गेली.

"कापड मऊ आहे हो," कुंदाबाई, तिच्या सासूबाई, झबलं गालाला लावून म्हणाल्या. "दुकानातली नुसती चरचरतात. कुठून काढलंस?"

"होतं जुनं."

कॉलेजात असताना तिला आणि पौर्णिमाला या बँडचं वेड लागलं. अख्ख्या वर्गात दोघीच. कार्यक्रमांना येणाऱ्या मुलींना गाणारा आवडायचा, पौर्णिमालाही तोच. जुईलीचा जीव मात्र बेस, म्हणजे खालच्या जाड सुरांची गिटार, वाजवणाऱ्या श्यामवर. तो मागे, डाव्या स्पीकरजवळ उभा राहायचा, मान वर करायचा नाही, आणि कार्यक्रम संपल्यावर त्याच्याकडे सही मागायला कुणी जायचं नाही. नागपूरला जुईली सही मागायला गेली होती. त्यानं पेन हातात घेऊन आधी मागे वळून बघितलं, आपल्यामागे कोण उभं आहे ते.

त्यांचं 'बंद फाटक' नावाचं गाणं ते नेहमी शेवटी घ्यायचे. सुरुवातीला बेस एकटाच, अर्धा मिनिट. तेवढा वेळ मैदानातली सगळी माणसं एक हात रेल्वेफाटकाच्या दांड्यासारखा सरळ वर धरून उभी राहतात, आणि ढोल पडला की सगळे हात एकदम खाली येतात. जुईलीनं हे फोनवर शंभरदा पाहिलं होतं. समोर कधीच नाही. नागपूरला दहा वाजले म्हणून पोलिसांनी आवाज बंद करायला लावला आणि तेच गाणं राहिलं. पुण्याला परतीची बस धरायची म्हणून त्या दोघी दोन गाणी आधीच निघाल्या. पुढच्या वेळी नक्की, असं बसमध्ये ठरलं. मग नोकरी, लग्न, अकोला, सोहम.

आता ती एकाच, डाव्या कानात गाणी ऐकायची. दुसरा कान बाळासाठी मोकळा. तो झोपला की श्वास चालतोय ना ते बघायला दर पाच मिनिटांनी उठायची. गाण्याचा उजवा भाग तिनं इतक्या महिन्यांत ऐकलाच नव्हता. अकोल्यात याबद्दल बोलायला कुणी नव्हतं. गौरांगनं, तिच्या नवऱ्यानं, एकदा गाडीत पाच मिनिटं मन लावून ऐकलं होतं आणि प्रामाणिकपणे विचारलं होतं, "यात गाणं कुठं सुरू होतं?"

डिसेंबरात पौर्णिमाचा पुण्याहून मेसेज आला. 'लोखंडी पूल अमरावतीला येतंय. आपल्या कॉलेजच्या मैदानावर. जानेवारीतला तिसरा शनिवार, संध्याकाळी सहा. मी दोन पास काढते. नाही म्हणालीस तर अकोल्याला येऊन फरफटत नेईन.'

बोरन्हाणाचा दिवस मग जुईलीनंच काढला. "आई, अमरावतीला तुझ्याकडेच करू या. तिसऱ्या शनिवारी. शनिवारी बायका मोकळ्या असतात." आईला आनंदच झाला. सासूबाईंनी इथेही घरच्या घरी पाच बोरं टाकू म्हणून परवानगी दिली. गौरांग रविवारी गाडी घेऊन न्यायला येणार होता. मैदानाचा विषय तिनं कुणाकडेच काढला नाही. गौरांग वाईट नव्हता, "जा की," म्हणाला असता. पण त्यामागून "सोहमला किती वेळ ठेवशील?" हे आलं असतं, आणि तो प्रश्न ती स्वतःलाच दिवसातून दहादा विचारत होती.

हिशेब तिनं पक्का बसवला होता. बोरन्हाण चारला. साडेपाचला सगळं आटपेल. बाळाला पाजायचं, आईच्या मांडीवर द्यायचं आणि निघायचं. मैदान घरापासून दीड किलोमीटर. वेळ सहाची असली तरी अमरावतीत सहा म्हणजे आठ. तिचे बाबा, गोपाळकृष्ण वकील, उभ्या आयुष्यात शेकडो कार्यक्रमांना गेले असतील; पत्रिकेवरच्या वेळेत दोन तास मिळवायचे असा त्यांचा नियम होता. आधी दीपप्रज्वलन, मग शाली, मग नारळ, मग ज्यांना शाल मिळाली नाही त्यांची भाषणं. म्हणजे तिच्या हाती वेळच वेळ होता.

शुक्रवारी ती बाळाला घेऊन रेल्वेनं बडनेऱ्याला उतरली आणि तिथून ऑटोनं रुक्मिणीनगरला, माहेरी. शनिवारी सकाळपासून ती बोरं निवडत होती. लहान बोर एकही नको, बाळाच्या तोंडात जाईल. बत्तासे नकोत, रेवड्या नकोत. उसाचे तुकडे बोटभर लांब.

"अगं, तुझ्या बोरन्हाणात मी ओंजळ भरून चणे टाकले होते," आई म्हणाली. "जगलीसच ना तू?"

"आई, लोकांना घशात अडकतं."

"कोणत्या लोकांना?"

चार वाजले. पाट मांडला, रांगोळी झाली, सोहम काळ्या झबल्यात बसला. डोक्यावर हलव्याचा मुकुट, हातात हलव्याची बासरी. कुणी आलं नाही. साडेचारला शेजारची दोन मुलं येऊन बोरांकडे बघत बसली. पाचला एक काकू आल्या आणि एकट्याच आहोत असं बघून "गॅसवर दूध आहे" म्हणून परत गेल्या. मुकुट टोचायला लागला तसा सोहम रडला. जुईलीनं तो काढला, पाजलं, परत घातला.

"आई, करून टाकू या का? आपण आपल्याच."

"वेडी का? पाच सवाष्णी तरी येऊ देत. येतील गं. हळदीकुंकवाला बायका दिवे लागल्याशिवाय बाहेर पडतात का कधी?"

हे ऐकलं आणि जुईलीनं घड्याळाकडे पाहिलं. सहाचे आठ होतात हे तिनं मैदानाला लावलं होतं. चारचे सहा होतात हे आपल्याच घराला लावायचं राहून गेलं होतं.

पावणेसहाला पौर्णिमाचा फोन आला. मागे गर्दीचा गलका. "गेटवर आहे. कुठवर आलीस?"

"अजून पाटावरच बसलाय तो. बायका यायच्यात. तू आत जा, मी येतेच. सत्कार चालतील की आठपर्यंत."

"बरं. डाव्या स्पीकरजवळ उभी राहते. जुई, ये हं."

ती स्वयंपाकघरात गेली. आई वाणाच्या वाट्या पुसत होती. "आई, मला तासभर बाहेर जायचंय. पौर्णिमा आलीय पुण्याहून."

"मग तिला इकडेच बोलाव. तिचीही ओटी भरू."

"तसं नाही गं. एक कार्यक्रम आहे. गाण्यांचा."

आईनं वाटी खाली ठेवली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही. "लेकाचं बोरन्हाण टाकून?" एवढंच म्हणाली, आणि परत वाटी पुसायला लागली. जुईलीनं दुसरी वाटी पुसायला घेतली. या प्रश्नाचं उत्तर असतं तर ती ते अकोल्याहूनच देऊन आली असती.

सहा वाजून पाच मिनिटांनी परत फोन. या वेळी पौर्णिमा ओरडून बोलत होती. "अगं, सुरू झालं. खरंच सहाला. सत्कार शेवटी ढकलले, त्यांना बडनेऱ्याहून रात्रीची गाडी धरायचीय. दीडच तास वाजवणार आहेत. निघ तू, आत्ता निघ."

त्याच वेळी फाटक वाजलं आणि आठ-दहा बायका एकदम अंगणात शिरल्या. पुढे लीलाबाई. मोर्शीकडच्या, घरची संत्र्याची बाग, आता मुलाकडे याच गल्लीत राहायला.

"झाली काय वं लूट?" त्यांनी चपला काढता काढता बोरन्हाणाचं विचारलं.

"तुमच्यासाठीच थांबलोय, काकू. चारला बोलावलं होतं."

"बलावलं तं चारलेच होतं. पन आमी वेळेवर आलो तं तुमीच अंगन झाडत असता. म्हटलं, येवढ्या लवकर जाऊन कोनाले त्रास द्या." त्यांनी सोहमची हनुवटी धरली. "काहून रे बापू, रडून राहिला तू? मायनं लय वाट पाहाले लावली काय?"

हळद, कुंकू, औक्षण. मग बोरं. पहिली ओंजळ आईची. मुरमुरे, बोरं, गाजराचे काप, हरभऱ्याचे घाटे सगळं सोहमच्या खांद्यांवरून घरंगळलं आणि गल्लीतली मुलं पाटावर तुटून पडली. लीलाबाईंनी पदरातून स्वतःची वेगळी बोरं काढली. शेतातली, बारीक, लालबुंद. जुईलीनं हात पुढे केला तोवर ती बाळाच्या मांडीवर पोचली होती. ती गुडघ्यांवर बसली आणि एकेक बोर वेचू लागली. पाटाखालचं, झबल्याच्या घडीतलं, बाळाच्या मुठीतलं. कमरेला खोचलेला फोन थरथरत होता. थांबला. परत थरथरला. तिची बोटं कुंकवानं भरलेली होती.

सात वाजून गेले. बायकांना वाण द्यायचं, तिळगूळ द्यायचा, प्रत्येकीला "बाळ कुणासारखं दिसतं" याचं उत्तर द्यायचं. सव्वासातला तिनं सोहमला उचललं. "घाबरलाय. वर जरा वारा लागू दे याला."

गच्चीवर अंधार पडला होता. पाण्याच्या टाकीला पाठ टेकून ती उभी राहिली. पलीकडे, छपरांच्या वर, आभाळ निळं-जांभळं व्हायचं आणि पुन्हा काळं. दीड किलोमीटर. लोकांचा आवाज पोचत नव्हता. गाणाराही नाही, गिटारही नाही. ढोलाचा एखादा ठोका वाऱ्याबरोबर यायचा आणि हरवायचा.

मग तोही थांबला. काही वेळ काहीच नाही. आणि मग खालून, जणू टाकीच्या सिमेंटमधून, तो सूर आला. जाड, संथ, एकटा. चार वेळा खाली, एकदा वर. इतक्या लांब फक्त तोच येऊ शकत होता.

श्याम मान खाली घालून उभा असेल. पौर्णिमा डाव्या स्पीकरजवळ. मैदानभर हात वर गेले असतील.

जुईलीनं हात वर घ्यायला सोहमला दुसऱ्या कडेवर घेतलं, आणि तिला त्याचा गाल फुगलेला दिसला. हातातली बासरी अर्धी तुटलेली. तिनं त्याचं तोंड उघडून बोट आत घातलं. हलव्याचा एक दाणा निघाला. दुसरा. तो चावला, किंचाळला, मान फिरवू लागला. "उघड रे राजा, उघड," ती म्हणत राहिली. तिसरा दाणा जिभेखालून निघाला तेव्हा ढोल पडून गेला होता.

बेस मात्र चालूच होता. चिकट बोट तसंच धरून ती ऐकत राहिली. शब्द तिला पाठ होते, पण म्हटले नाहीत.

जिन्यात पावलं वाजली. लीलाबाई धापा टाकत वर आल्या. "निघतो बाई मी. म्हटलं पोराले पाहून जाव." त्यांनी कान दिला. "काय वाजून राहिलं वं ते? कोनाची वरात हाय काय?"

जुईलीनं तोंड उघडलं. लीलाबाई थांबल्या होत्या. त्यांना खरंच ऐकायचं होतं. पण सुरुवात कुठून करायची? नागपूरपासून? फाटकापासून?

"असेल कुणाची तरी," ती म्हणाली.

"लगनसराई सुरू झाली बाप्पा," म्हणत त्या खाली गेल्या.

आठला घर मोकळं झालं. गौरांगचा फोन आला. "झालं का छान?"

"झालं. बायका उशिरा आल्या."

"अमरावतीच ती," तो हसला. "सोहमनं काही गिळलं तर नाही ना?"

"नाही. बघितलं मी."

मग पौर्णिमाचे मेसेज. 'आठ वेळा फोन केला.' त्याखाली, 'बंद फाटक वाजवलं गं.' त्याखाली, 'तुझ्यासाठी जागा धरून ठेवली होती, शेवटी एका मुलीला दिली.'

जुईलीनं 'ऐकलं मी' असं लिहिलं, वाचलं आणि पुसलं. 'व्हिडिओ पाठव' लिहिलं.

व्हिडिओ आला तेव्हा सोहम तिच्या मांडीवर पेंगत होता. झबलं अजून काढलं नव्हतं. तिनं आवाज अगदी बारीक ठेवून फोन समोर धरला आणि उजवा कान जवळ नेला. दिवे होते, वर गेलेले हात होते, पौर्णिमाच्या ओरडण्यानं मधूनच हलणारं चित्र होतं, आणि डाव्या कोपऱ्यात मान खाली घातलेला श्याम. त्याची बोटं चालत होती. बेसचा आवाज मात्र येत नव्हता. एवढ्याशा फोनातून तो सूर निघतच नव्हता. त्या अर्ध्या मिनिटात नुसती माणसं हात वर करून शांत उभी होती, कशाची तरी वाट बघत असल्यासारखी.

तिनं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. श्यामची बोटं हलली तसं तिचं बोट सोहमच्या पाठीवर, काळ्या कापडावर, पडायला लागलं. चार वेळा खाली, एकदा वर.

बाळ कुरकुरलं. तिनं बोट थांबवलं आणि त्याचा श्वास ऐकत बसली.