समिधाचा हात कोण पाडत होतं?

सिल्व्हर पार्कमधल्या एका सोसायटीच्या हॉलात गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. मधोमध धुनीबाबा, पुढ्यात निखाऱ्यांचं घमेलं आणि घमेल्यासमोर आठ वर्षांची समिधा.

"फूंक बेटी! जोर से! अंदर का सब बाहर!"

समिधा डोळ्यांत पाणी येईस्तोवर फुंकत राहिली. दोन मिनिटांत तिचा उजवा हात लुळा पडला, ओठ एका बाजूला ओघळला. बाबानं मनगटाला काळा दोरा बांधला आणि काहीतरी पुटपुटला. तो कुठल्या भाषेत पुटपुटतो हे आजवर कुणाला कळलेलं नाही, बहुधा त्यालाही नाही. दहा मिनिटांनी बोटं हलली. हात वर आला.

"निकल गया! देखा?"

जयजयकार झाला. समिधाचे आजोबा गोवर्धन सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. तिची आई शिवांगी मात्र भिंतीला टेकून उभी होती. निघून गेलं म्हणतोय, मग दर गुरुवारी परत येतं कुठून? पण विचारायचं कुणाला!

फेब्रुवारीत डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, मोयामोया. मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या नसा आवळत जातात, आणि मेंदूच्या फोटोत त्यांच्या आसपास बारीक नसांचं जाळं दिसतं. उपाय एकच, कवटीबाहेरची नस मेंदूला जोडून द्यायची. तारीखही ठरली. तेवढ्यात कुणीतरी बाबाचं नाव सुचवलं आणि सासरे अडून बसले, "डोक्याला सुरी लावणार? माझी नात हाय ती, पापलेट न्हाय!" तारीख रद्द झाली. नवरा निकेत मासेमारीच्या बोटीवर, घरी आला की म्हणायचा, वडील म्हणतील तसं. अख्खं राई गाव तिलाच समजवायचं, "हात उठतो ना गो पोरीचा? मग रडतेस कशाला?" त्यात बाबाचा हुकूम, रोज संध्याकाळी घरीही निखारे फुंकायचे. शिवांगीचा घरात जीव घुसमटायचा.

तिचा सगळा भरवसा सहा महिन्यांनी काढायच्या दुसऱ्या फोटोवर होता. भांडून, उपाशी राहून तिनं तो काढून घेतला. गोवर्धननी जुनी आणि नवी फिल्म खिडकीशी धरली. जन्म जाळी विणण्यात गेलेला, नजर पक्की.

"बघ सूनबाई! आधी कसं दाट जालं होतं. आता इरलं. बाबांनीच काढलं ना?"

शिवांगीनं पाहिलं. जाळं खरंच विरळ झालं होतं. जो पुरावा मिळावा म्हणून ती एवढी झगडली, तोही बाबाच्याच बाजूनं निघाला! आपणच वेड्या आहोत की काय, असं तिला वाटलं.

तरी ठरल्या दिवशी ती दवाखान्यात गेली. गोवर्धनही निघाले, छाती पुढे काढून. डॉक्टर शर्लिन जवळच्याच उत्तन गावच्या, गावठाणातली बोली जाणणाऱ्या. त्यांनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या.

"आजोबा, जाळं कमी झालंय हे खरं. पण जाळं म्हणजे रोग नाही. मोठी नस बंद होत गेली तशा शरीरानं या बारीक वाटा काढल्या. पोरीच्या मेंदूला त्यांचाच आधार होता. आता मोठी नस जवळजवळ मिटली, आणि वाटाही सुकताहेत. आजार पुढे गेलाय. हा पांढरा ठिपका बघा, फेब्रुवारीत नव्हता. मेंदूचा एवढा भाग मेला. तो परत येत नाही."

"पन हात तर उठतो..."

"आणि पडतो कधी?"

"फुंकल्यावर," शिवांगी म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून चरकली.

"जोरजोरात फुंकलं की मेंदूच्या नसा आणखी आकसतात. रक्त कमी पडतं, हात पडतो. श्वास शांत झाला की रक्त परत येतं, हात उठतो. दोरा बांधा नाहीतर बांधू नका. एखाद्या दिवशी मात्र तो उठणार नाही."

गोवर्धननी फिल्मवरच्या त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "रोज संध्याकाळी मीच फुंकायला लावत होतो गो. मीच."

शिवांगीला त्यांचा भयंकर राग आला, दयाही आली. पण तिनं आधी ऑपरेशनची तारीख मागितली, मिळेल ती सर्वांत जवळची.

गुरुवारी समिधा दवाखान्यात दाखल होती, निकेत तिच्या उशाशी. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. शिवांगी आणि गोवर्धन हॉलात शिरले.

"बच्ची किधर है?" बाबानं विचारलं.

"तिला न्हाय आणलं," गोवर्धन म्हणाले. "फुंकायला न लावता हात पडतो का, ते सांग मला!"

"श्रद्धा कम पड़ गई, चाचा."

"श्रद्धा कमी न्हाय पडली रे, ती जास्तच झाली! माझ्या नातीच्या मेंदूचा तुकडा गेला त्यात!"

लोक कुजबुजले, दोघं-तिघं त्यांच्या अंगावर आले. पुढच्या रांगेत एक बाई मांडीवर मुलगा घेऊन बसली होती, त्याच्याही लुळ्या हाताला काळा दोरा होता. शिवांगी तिच्याजवळ जाऊन बसली.

"ताई, हात परत उठला म्हणून खूश होऊ नका. तो पडतो कशानं, ते आजच डॉक्टरांना विचारा. मी सहा महिने घालवले."

बाईनं बाबाकडे पाहिलं, घमेल्याकडे पाहिलं. मग मुलाला कडेवर घेतलं आणि चपला शोधायला लागली.